पायगाडी आणि पर्वतकुटी

सार्वजनिक वस्तूचा उपभोग पुष्कळ दिवस निर्वेधपणें मिळत राहिला म्हणजे ती वस्तु आपल्या वडिलार्जित मालकीची आहे असा समज मनांत घर करतो. आणि मग दुसरा कोणी तिच्या वाटेनें येऊं लागला कीं त्याच्या नुसत्या येण्यानेंच ती विटाळते असें वाटूं लागतें. महाडचें तळें आणि नाशिकचें काळारामाचें मंदिर ज्यांच्या स्मरणांत आहे त्या महाराष्ट्रीय वाचकांस ही मनोवृत्ति समजावून सांगण्याचें कारण नाहीं. तेथील प्रश्न माणुसकीचा होता आणि प्रस्तुत प्रश्न हौसेचा आहे. तेव्हां दोहोंची बरोबरी करण्याचा अविचार आम्ही करणार नाहीं. परंतु युक्तिवादाचा सांचा मात्र तोच आहे: आधीं सोंवळें ठरवावयाचें, आणि मग त्या सोंवळ्याला शास्त्र शोधावयाचें.

मुद्दा डोंगरी सायकलीचा आहे. युरोप, अमेरिका, न्यूझीलंड येथील डोंगरांत मोटाररस्त्यापासून दिवस-दोन दिवसांच्या अंतरावर प्रवाशांच्या मुक्कामासाठीं लहान लहान कुट्या बांधलेल्या असतात. आंत निजावयाचे फळ्यांचे मंच, एक शेगडी, छपरावरचें पाणी सांठविण्याची टांकी आणि येणाऱ्याजाणाऱ्यानें नांव लिहावयाची वही, एवढाच त्यांचा संसार. आपल्या सह्याद्रींत गडावरील देऊळ किंवा एखादें लेणें जें काम करतें तेंच काम तेथें ही कुटी करते. ह्या कुट्यांना आजवर पायीं चालणारे लोक जात असत. अलीकडे जाड, दातेरी टायरांची आणि धक्के सोसणारी सायकल घेऊन दुसरीं माणसें तेथें जाऊं लागलीं आहेत. पाठीवर अंथरूण, दोन-तीन दिवसांचें अन्न, टायर सांधण्याचें सामान. चढ आला कीं दम खात चढावें, फारच चढ आला कीं उतरून ढकलावें, ओढा आला कीं सायकल खांद्यावर घ्यावी, आणि सायंकाळीं चिखलानें माखून कुटीच्या दारांत उभें राहावें, असा त्यांचा क्रम. ह्या लोकांना डोंगराच्या वाटेवर जागा नाहीं, त्यांच्या चाकानें माती झिजते, शांतता मोडते, आणि मुख्य म्हणजे कुटीचें पावित्र्य जातें, असें म्हणणारा एक बराच प्रतिष्ठित पक्ष आहे. आमच्याकडील गिरिभ्रमणप्रेमी मंडळींतहि त्याचे प्रतिध्वनि ऐकूं येतात. ह्या पक्षाचें म्हणणें साफ चुकीचें आहे, आणि ज्या डोंगराची तो काळजी वाहतो त्या डोंगरालाच तें घातक आहे, असें आमचें मत आहे.

ह्या सोंवळ्याचें सर्वांत कडक शास्त्र अमेरिकेनें लिहून काढलें. ३ सप्टेंबर १९६४ रोजीं अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीनें तेथें 'विल्डरनेस ॲक्ट' म्हणजे अस्पृष्ट अरण्यें राखण्याचा कायदा झाला. कायदा थोर आहे यांत शंका नाहीं. त्याचा मसुदा ज्यानें वर्षानुवर्षें घांसूनपुसून तयार केला तो हॉवर्ड झानायझर हा गृहस्थ सहीच्या चारच महिने अगोदर वारला, ही हकीकत वाचतांना मन भरून येतें. आजमितीस सुमारें ११ कोटी एकर भूमि ह्या कायद्यानें रस्ते, इमारती आणि मोटारी यांपासून राखली आहे. त्यांत 'यांत्रिक वाहतुकी'चीहि मनाई आहे. आतां यांत्रिक म्हणजे काय? अंमलबजावणीसाठीं १९६६ सालीं तेथील वनखात्यानें जे नियम केले त्यांत, अंगच्या निर्जीव शक्तीनें चालणारें वाहन, अशी त्या शब्दाची फोड केली होती. ह्या व्याख्येंत सायकल बसत नाहीं. कारण तिला चालविणारी शक्ति सजीव असते, आणि चढावर तर ती घामाघूम झालेली असते. पुढें १९७०-८० च्या दशकांत कॅलिफोर्नियांतील मरिन परगण्यांत टमाल्पाय डोंगराच्या उतारांवरून कांहीं तरुण जुन्या जाड टायरांच्या सायकली दामटूं लागले. त्यांतून आजची डोंगरी सायकल जन्मास आली. आणि १९८४ सालीं वनखात्यानें तिला संरक्षित अरण्यांतून निखालस हद्दपार केलें. कायद्याच्या जन्मकाळीं जी वस्तु अस्तित्वांतच नव्हती तिला त्याच कायद्याच्या नांवानें वीस वर्षांनीं शिक्षा झाली.

घोड्याला मात्र त्या अरण्यांत मुक्तद्वार आहे. खुरांना लोखंडी नाल ठोकलेला, पाठीवर चार-पांच मणांचें ओझें घेतलेला, वाटेंत लीद टाकणारा आणि ओढ्याकांठचें गवत खाणारा घोडा चालतो. तीस रत्तलांची सायकल चालत नाहीं. माती झिजण्याचा आक्षेप येथेंच तपासून घ्यावा. माँटाना प्रांतांतील डोंगरवाटांवर विल्सन व सेनी ह्या दोघां संशोधकांनीं पायीं चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांच्या परिणामांची तुलना केली व १९९४ सालीं ती प्रसिद्ध केली. पाय आणि खूर यांनीं चाकांपेक्षां अधिक माती सुटी होते, आणि ओल्या वाटेवर हा फरक विशेष दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. एका प्रयोगानें सर्व जगाचा निकाल लागत नाहीं हें खरें. तीव्र उतारावर ब्रेक आंवळून चाक फरफटवीत नेणारा सायकलस्वार वाटेला चर पाडतो हेंहि डोळ्यांनीं दिसतें, आणि अशा माणसाला वाटेवरून परत पाठवावें असेंच आम्ही म्हणूं. परंतु ज्यानें घोड्याला दार उघडें ठेवलें आहे त्यानें सायकलीला अडवितांना मातीचें नांव तरी घेऊं नये.

ज्या पिढीनें महाराष्ट्रांत सायकल प्रथम पाहिली तिनें तिला 'पायगाडी' हें नांव दिलें. मागाहून तो शब्द मागें पडला ही दुःखाची गोष्ट आहे. कारण अमेरिकेच्या कायदेपंडितांना वीस वर्षें खल करून जें उमगलें नाहीं तें ह्या चार अक्षरांत सांगितलें आहे. ही गाडी पायांची आहे. पंढरीची वाट पायीं चालण्याचें माहात्म्य ज्या भाषेंत गाइलें गेलें त्या भाषेंत चाकाची वकिली करणें धाडसाचें आहे, हें आम्ही जाणतों. पण पालखीच्या रथालाहि चाकेंच असतात, आणि त्यांनीं वारी बाटल्याचें कोणा वारकऱ्यानें अद्याप म्हटलेलें नाहीं.

आतां प्रत्यक्ष वाटेकडे वळूं. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर बुलर नदीच्या कांठीं लायल नांवाचें एक गांव होतें. सोन्याच्या शोधांत आलेल्या लोकांनीं तें वसविलें आणि सोनें सरल्यावर तें ओस पडलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या लायलपासून डोंगर ओलांडून मोकिहिनुई नदीच्या खोऱ्यांत उतरणारा रस्ता करावयाचें त्या लोकांनीं मनावर घेतलें. दोन्ही बाजूंनीं काम सुरू झालें, पण दोन्ही टोंकें कधीं मिळालींच नाहींत. पुढें १७ जून १९२९ च्या मर्चिसन येथील भूकंपानें त्या मुलखांतील डोंगरच्या डोंगर खचले, आणि अर्धवट रस्ता रानानें गिळला. जवळजवळ सव्वाशें वर्षें तो तसाच पडून होता. चालणारांच्या संस्था त्या देशांत कांहीं कमी नाहींत. पण हा रस्ता पुरा करावा असें त्यांतील कोणाला वाटल्याचें दिसत नाहीं. तो पुरा केला सायकलीच्या ध्यासानें एकत्र आलेल्या स्थानिक मंडळींच्या एका विश्वस्त संस्थेनें. सरकारनें राष्ट्रीय सायकलमार्गांच्या योजनेंतून पैसा दिला, स्वयंसेवकांनीं हात दिले, आणि डिसेंबर २०१५ मध्यें ८५ किलोमीटरांची 'ओल्ड घोस्ट रोड' ही वाट लायलपासून सेडनव्हिलपर्यंत एकसंध झाली. आज तिच्यावरून पायीं चालणारेहि जातात, त्याच कुट्यांत निजतात, आणि त्यांतले कांहींजण रात्रीं शेगडीजवळ बसून सायकलींविषयीं तक्रारहि करतात.

ह्या वाटेनें कुटीला पोंचण्यासाठीं काय करावें लागतें तें आक्षेपकांनीं एकदां ऐकून घ्यावें. लायलपासून पहिले अठरा किलोमीटर चढाचे आहेत. चढ फार खडा नाहीं, पण तो संपतहि नाहीं. दुतर्फा बीचचें दाट, शेवाळलेलें रान. मधूनच गंजून गेलेलीं दगड कुटण्याचीं यंत्रें, खाणवाल्यांचें जुनें स्मशान, आणि भूकंपांत कोसळलेल्या दरडींवरून काढलेली उघडी पाऊलवाट. ह्या किनाऱ्यावरचा पाऊस आपल्या कोंकणच्या पावसाला मान खाली घालावयास लावणारा नसला तरी तो पावसाळ्याची वाट पाहत नाहीं; तो बाराहि महिने येतो. खिंडींत पहिली कुटी लागते. तेथून आणखी बारा किलोमीटरांवर, रान संपून नुसतें गवत आणि वारा उरतो अशा उंचीवर, सुमारें १,२०० मीटरांवर, एका सुळक्याच्या टोंकाशीं 'घोस्ट लेक'ची कुटी आहे. खाली काळ्या पाण्याचें इवलेंसें तळें, समोर ढगांत बुडालेल्या रांगा. सकाळीं निघालेला धडधाकट माणूस तेथें संध्याकाळच्या आंत पोंचतो, पण त्याच्या मांड्यांत त्राण उरत नाहीं. पुढच्या दिवशीं तर धारेवरून उतरणाऱ्या कांहीं शें पायऱ्या आहेत. तेथें सायकल माणसावर बसते. बूट बाहेर विसरावेत तर 'वेका' नांवाचा न उडणारा, कोंबडीएवढा चोर पक्षी ते पळवितो. आणि चावऱ्या बारीक माशा तर पायीं आलेला व चाकावर आलेला असा भेद मुळींच करीत नाहींत. ह्या सर्वांतून गेलेला माणूस कुटींत शिरतांना कोणत्या अर्थानें उपरा ठरतो, हें आम्हांस समजत नाहीं.

शिवाय मोकिहिनुईच्या ज्या घळींतून ही वाट शेवटीं बाहेर पडते त्या घळीवर खरें संकट कोणतें होतें? एका वीजकंपनीनें तेथें ८५ मीटर उंचीचें धरण बांधण्याचा बेत केला होता. त्याला परवानगीहि मिळाली होती. सरकारच्या संवर्धनखात्यानें आणि निसर्गरक्षक संस्थांनीं न्यायालयांत दाद मागितली, आणि २०१२ सालीं कंपनीनें तो बेत सोडला. सायकलस्वारांनीं धरण अडविलें असें आमचें म्हणणें नाहीं. श्रेय ज्यांचें त्यांचें. परंतु ज्या खोऱ्यांत वर्षांतून हजारों माणसें आपल्या पायांच्या बळावर येऊन राहतात त्या खोऱ्याच्या बाजूनें उद्यां पुन्हां वेळ आली तर बोलणारीं तोंडें हजारों असतील. जें रान कोणीच पाहिलेलें नसतें त्याचा बळी फार स्वस्तांत जातो. डोंगराचे मित्र मोजके असावेत असें म्हणणारांनीं ह्याचा विचार केलेला नाहीं.

आतां पावित्र्याविषयीं. कुटी ही कांहीं झाडासारखी उगवलेली वस्तु नव्हे. न्यूझीलंडांत संवर्धनखात्याच्या ताब्यांत अशा नऊशेंहून अधिक कुट्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी कोणा निसर्गभक्तासाठीं बांधलेल्याच नाहींत. इंग्रजांनीं एकोणिसाव्या शतकांत शिकारीच्या हौसेखातर त्या देशांत तांबडीं हरणें नेऊन सोडलीं. तेथें वाघ नाहीं, लांडगा नाहीं; हरणें बेसुमार वाढलीं आणि रानाचा फडशा पाडूं लागलीं. तेव्हां सरकारनें पगारी शिकारी नेमले, आणि १९५६ नंतर हें काम वनखात्याकडे आल्यावर त्या शिकाऱ्यांना राहावयास खोऱ्याखोऱ्यांतून शेंकडों कुट्या उठल्या. बंदुका, रक्त आणि ओलीं कातडीं यांच्या वासांत ज्यांचा जन्म झाला त्या जागा आज पायीं चालणाराला देवघरासारख्या वाटतात. वाटोत बापड्या! त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार इतकीच कीं, एका उपयोगाच्या जागीं दुसरा उपयोग येतो आणि कालांतरानें तोहि पवित्र होतो, हा क्रम स्वतःपुरता चालू द्यावयाचा आणि मागून येणाराच्या वेळीं मात्र इतिहास थांबवावयाचा, ही चाल न्यायाची नव्हे.

विरुद्ध पक्षाचा एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो त्यांच्यापैकीं फार थोडे मांडतात. त्याच बेटाच्या वायव्य कोंपऱ्यांत काहुरांगी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांतून ७८ किलोमीटरांची हीफी वाट जाते. मूळ माओरी लोक हिरव्या पाषाणाच्या शोधांत ह्याच मुलखांतून किनाऱ्यानें जात असत. १९९६ सालीं हें उद्यान झालें आणि तोंपर्यंत तेथें चालत असलेल्या सायकली बंद पडल्या. त्या रानांत मुठीएवढ्या शंखाची, गांडुळें खाणारी एक गोगलगाय राहते. ती रात्रीं बाहेर पडते; वाटेवर येते; चाकाखालीं चिरडली तर तिच्यासारखी दुसरी जगांत कोठें मिळावयाची नाहीं. न उडणारा किवी पक्षीहि रात्रींचाच. पायीं चालणाराचें सोंवळें एका बाजूस ठेवलें तरी ह्या गोगलगायीला कोणी तरी उत्तर दिलेंच पाहिजे.

तें उत्तर तेथील लोकांनीं दिलें. २०११ पासून प्रयोगादाखल थंडीच्या महिन्यांत, म्हणजे चालणारांची गर्दी नसते तेव्हां, सायकली पुन्हां येऊं दिल्या, अंधारांत चालविण्यास सक्त मनाई केली, परिणाम पाहिला, आणि मग ती व्यवस्था कायम केली. उन्हाळ्याचे गर्दीचे महिने चालणारांचे, थंडीचे दोघांचे, रात्र गोगलगायीची. गाउलंड डाउन्स येथील १९३२ सालची जुनी कुटी अजून जागच्या जागीं आहे, आणि तेथील माळावर २०१८ मध्यें ताकाहे ह्या अतिदुर्मिळ पक्ष्याचीं जोडपीं नेऊन सोडलीं तीं सायकली येत असतांनाच. प्रश्न जनावराचा असेल तर त्याला वेळापत्रक पुरतें. बहिष्कार लागतो तो प्रश्न मानाचा असतो तेव्हां.

वेगाविषयींची तक्रार आम्ही निम्मी मान्य करतों. हातभर रुंदीच्या वाटेवर वळणाआडून अचानक सायकल आली तर चालणाराचें काळीज दचकतें. डोंगराला शर्यतीचें मैदान समजणारे उतावळे स्वार आहेत, आणि त्यांच्यामुळें इतरांची मान खाली जाते. पण ह्यावर उपाय वाट बांधतांना करावयाचा असतो. पाइक नदीच्या कोळशाच्या खाणींत १९ नोव्हेंबर २०१० रोजीं स्फोट झाला व २९ माणसें गेलीं. त्यांच्या आप्तांच्या इच्छेंतून पापरोआ डोंगरावर जी सुमारें ५५ किलोमीटरांची वाट झाली आणि २०२० सालीं पूर्णपणें खुली झाली ती प्रथमपासूनच चालणारे व सायकलस्वार ह्या दोघांसाठीं आंखलेली आहे. वळणावर पुढचें दिसावें, उताराला लगाम बसावा, आणि स्वारानें चालणाराला वाट द्यावी, हें सर्व तेथें आधींच धरलेलें आहे. स्मारक म्हणून बांधलेल्या वाटेवर त्या मृतांच्या घरच्यांना चाक खपतें. मग पावित्र्याचे हे इतर रखवालदार कोण?

आणि पायीं प्रवासाचें जें सर्वश्रेष्ठ तीर्थ मानतात त्या मिलफर्ड वाटेकडेहि एकदां पाहावें. ५३ किलोमीटरांची ही वाट. सायकलीला तेथें प्रवेश नाहीं. मात्र वाटेच्या आरंभीं माणूस मोटारबोटीनें पोंचतो आणि शेवटीं मोटारबोटीनेंच बाहेर पडतो. अधिक पैसे मोजणाराला सरकारी कुट्यांपासून वेगळ्या निवासांत गरम पाण्याचें स्नान आणि वाढलेलें जेवण मिळतें. डोक्यावरून प्रवाशांना देखावा दाखविणारीं विमानें आणि हेलिकॉप्टरें घरघरत असतात. एवढें सगळें चालून जेथें शांततेचा भंग होत नाहीं तेथें एका सायकलीच्या सांखळीनें तो होतो म्हणणें, हा श्रवणेंद्रियाचा कांहीं अजब चमत्कार असला पाहिजे.

अमेरिकेंत हा तिढा सोडविण्याचा प्रयत्न २०१६ सालीं झाला. कोणती वाट सायकलींस खुली करावयाची तें त्या त्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांनीं ठरवावें, असें एक विधेयक यूटा राज्याच्या दोन सेनेटरांनीं आणलें. मूळ कल्पना योग्य होती. पण दोन वर्षांत निर्णय न झाल्यास वाट आपोआप खुली समजावी असें एक आडदांड कलम त्यांत घुसडलें होतें, आणि मांडणाऱ्यांची अरण्यरक्षणाविषयींची कीर्तिहि विश्वास उत्पन्न करणारी नव्हती. विधेयक बारगळलें. दुसऱ्या वर्षीं आलेल्या तशाच एका विधेयकाला तर डोंगरी सायकलस्वारांच्या प्रमुख संघटनेनेंच विरोध केला. कायद्याला एकदां भगदाड पडलें तर त्यांतून सायकलीमागोमाग खाणवाले आणि लांकूडवाले शिरतील, हें भय तिला वाटलें. तें भय खोटें म्हणवत नाहीं. परंतु १९६६ च्या व्याख्येकडे परत जावयास नवीन कायद्याची गरजच नाहीं. खात्याच्या नियमांत एक शब्द बदलला कीं पुरे.

सायकलीचा पक्ष घेणारांनीं मात्र आपल्या घरांतील चोराकडे डोळेझांक करूं नये. विजेच्या मोटारीची सायकल आतां डोंगरांत शिरली आहे, आणि पायगाडी म्हणूनच तिची शिफारस होते आहे. पायटे तींत आहेत, हें खरें. पण पायट्यांच्या जोडीला कांड्यांच्या पेटींतली शक्ति आहे, आणि ती सजीव नाहीं. वृद्धांचें काय, अधूंचें काय, असा करुण प्रश्न लगेच पुढें येतो. प्रश्न खोटा नाहीं, आणि अशांसाठीं रस्त्याजवळच्या वाटा व कुट्या अवश्य राखाव्यात. पण प्रत्येक कुटीला प्रत्येकास पोंचतां आलेंच पाहिजे असा हट्ट धरला कीं त्याच्या मागून सडक येते आणि सडकेच्या मागून उपाहारगृह. दूरच्या कुटीचा दूरपणा हाच तिचा एकमेव माल आहे. तो अंगच्या बळावर विकत घेणाराला पाऊल व चाक ह्या दोहोंचें नाणें सारखेंच चालावें, आणि मोटारीचें कोणतेंच चालूं नये. ही रेघ आज ओढणें सोपें आहे; कारण अजून जवळून पाहिलें तर मोटार ओळखूं येते. ती दर वर्षीं लहान आणि मुकी होत चालली आहे. तेव्हां पायीं चालणारांच्या संस्थांनीं सायकलस्वाराला कुटीबाहेर उभें करण्यांत जो वेळ घालविला तो पुरे झाला. मोटारीविरुद्ध रेघ ओढावयाची तर वाटेवर त्यांच्या शेजारीं उभा राहणारा पहिला माणूस तोच आहे.